नाण्यांवरची वाद्ये: ग्रीक-रोमन नाण्यांचा लहानसा संग्रह कसा उभारावा?

जवारी

नमस्कार. मी मिरजेचा असून तंबोरे आणि सतारी जुळवणे, जवारी काढणे, उकललेले भोपळे सांधणे यांत माझी जवळजवळ चाळीस वर्षे गेली आहेत. नाण्यांशी माझा संबंध आजवर खिशातल्या मोडीपुरताच होता. मात्र गेल्या दिवाळीत माझी लेक नेदरलँड्सहून आली, तेव्हा तिने माझ्यासाठी एक चांदीचे प्राचीन नाणे आणले आणि तेव्हापासून माझी झोप थोडी कमी झाली आहे.

नाणे करंगळीच्या नखापेक्षा किंचित मोठे आहे. सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन १.७२ ग्रॅम भरले. सोबतच्या चिठ्ठीवर ‘लिशियन संघ, अर्धा द्राख्मा, अपोलो आणि लायर’ एवढाच मजकूर आहे (द्राख्मा हे ग्रीक चलन, लायर हे तारांचे वाद्य). एका बाजूला मानेवर बटा रुळणारे तरुणाचे मस्तक आहे. दुसऱ्या बाजूला चौकोनी खळगा असून त्या खळग्यात वाद्य आहे: खाली पेटीसारखे अंग, त्यातून वर गेलेले दोन वाकडे बाहू, त्यांना जोडणारी आडवी दांडी आणि मधे ताणलेल्या तारा. भिंगातून मला चार तारा मोजता आल्या. वाद्याच्या दोन बाजूंना इंग्रजी ‘के’ आणि ‘पी’ यांसारखी दोन अक्षरे आहेत, ती कशाची आद्याक्षरे असावीत हे कळत नाही.

माझ्या धंद्यामुळे मला पहिला प्रश्न असा पडला, की या वाद्याला ना दांडी आहे ना पडदे, तर मग डावा हात नेमके काय करत असे? दुसरा प्रश्न संग्रहाचा आहे. राजे आणि देव जमवण्यात मला रस नाही. पण वेगवेगळी वाद्ये दाखवणारी आठ-दहा नाणी हळूहळू जमवावीत असे मनात आले आहे. वर्षाला एखादे नाणे घेण्याइतकीच माझी ऐपत आहे. अशा माणसाने सुरुवात कुठून करावी, आणि फसू नये म्हणून काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टंकसाळ

जवारीकाका, आपल्या लेकीने सुरुवात उत्तम करून दिली आहे. ती अक्षरे ग्रीक आहेत. पहिले काप्पा आहे आणि दुसरे रोमन ‘पी’सारखे दिसत असले तरी ते ‘ऱ्हो’ आहे, म्हणजे उच्चार ‘क्र’. आजच्या तुर्कस्तानाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लिशिया हा डोंगराळ प्रदेश होता आणि तिथल्या नगरांचा संघ होता. या संघाच्या बऱ्याचशा नाण्यांवर क्रागोस आणि मासिकितोस या दोन पर्वतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विभागांची अक्षरे येतात. आपले नाणे त्यांपैकी क्रागोस विभागाचे आहे. मस्तकाच्या दोन बाजूंना, झीज झाली नसेल तर, ‘लाम्ब्दा’ आणि ‘इप्सिलॉन’ ही लिशियाची आद्याक्षरेही दिसावीत. इ.स.पू. १६७ मध्ये रोमने लिशियाला ऱ्होड्सच्या अमलातून मोकळे केले आणि इ.स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसने ती साम्राज्याला जोडून टाकली. मधल्या दोन शतकांतले हे चलन आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने या संघात २३ नगरे असल्याचे आणि मोठ्या नगरांना तीन, मधल्यांना दोन व उरलेल्यांना एक मत असल्याचे लिहून ठेवले आहे. लिशियातल्या पातारा नगरात संगीताचा देव अपोलो याचे प्रसिद्ध दैवतस्थान होते, म्हणून एका बाजूला अपोलो आणि दुसऱ्या बाजूला त्याचे वाद्य.

आता वाद्याकडे वळतो. विक्रेते सरसकट ‘लायर’ लिहितात, पण आपल्या नाण्यावर आहे ती किथारा. ग्रीकांच्या व्यवहारात दोन वेगळी वाद्ये होती. कासवाच्या पाठीच्या कवचावर कातडे ताणून केलेली हलकी लायरा घरात आणि शाळेत शिकण्यासाठी असे. तिला कासवावरूनच ‘खेलिस’ म्हणत. किथारा मात्र संपूर्ण लाकडी, जड, चौरस तळाची आणि रंगमंचावर गाणाऱ्या व्यावसायिकाची. नाण्यावर तळ गोल आणि बाहू सडपातळ दिसले तर खेलिस, तळ सपाट आणि बाहू पेटीतूनच उगवल्यासारखे जाड दिसले तर किथारा, एवढी खूण बहुतेक वेळा पुरते.

डाव्या हाताबद्दलचा आपला प्रश्न फार नेमका आहे. प्रत्येक तारेचा एकच स्वर होता, म्हणून आपल्याकडची जवळची उपमा सतारीची नसून स्वरमंडळाची आहे. उजव्या हातात दोरीने वाद्याला बांधलेली मोठी नखी असे आणि वादक ती सर्व तारांवरून ओढत असे. डाव्या हाताची बोटे मागच्या बाजूने तारांना टेकवून नको असलेल्या तारा मुक्या केल्या जात, तर कधी त्याच बोटांनी तारा छेडल्याही जात. तारा धातूच्या नव्हत्या, आतड्याची तात वापरली जाई. आणि खुंट्याही नव्हत्या: वरच्या आडव्या दांडीवर चामड्याच्या पट्टीसकट तार गुंडाळून ती पट्टी फिरवून स्वर लावत. आपल्या नाण्यावर तारा चार दिसतात म्हणून वाद्य चार तारांचे समजू नये. दीड सेंटिमीटरच्या आत ठसा कोरणाऱ्याला जेवढ्या रेघा बसल्या तेवढ्या त्याने बसवल्या.

सात तारा स्वच्छ मोजायच्या असतील तर ओलिंथसचे नाणे पाहावे. उत्तर ग्रीसमधल्या खाल्किडियन संघाने काढलेले सुमारे १४ ग्रॅमचे चौद्राख्मी नाणे, ज्याच्या मागच्या बाजूला किथारा आणि तिच्याभोवती संघाचे नाव आहे, ते माझ्या मते वाद्याचे नाण्यावरील सर्वांत सुंदर चित्र आहे. इ.स.पू. ३४८ मध्ये मॅसिडोनच्या दुसऱ्या फिलिपने ओलिंथस जमीनदोस्त केले आणि ही मालिका संपली. मोठे नाणे आपल्या सांगितलेल्या ऐपतीच्या बाहेर जाईल, परंतु त्याच संघाची लहान चांदीची आणि तांब्या-कांस्याची नाणी त्याच चित्राची आहेत आणि ती पुष्कळ स्वस्त असतात. खेलिस पाहायची असेल तर कालिम्नोस या ग्रीक बेटाची नाणी पाहावीत. तिथल्या इ.स.पू. सहाव्या शतकातल्या नाण्याची गंमत अशी की वाद्य ज्या खळग्यात बसवले आहे तो खळगाच वाद्याच्या आकाराचा आहे. ते नाणे संग्रहालयाच्या काचेआडच पाहायचे, इ.स.पू. तिसऱ्या शतकातली शिरस्त्राणधारी योद्ध्याची कालिम्नोसची नाणी मात्र बाजारात येत असतात, पण त्यांवर किथारा आहे.

दूरदेशी

टंकसाळ यांनी ग्रीक बाजू मांडली आहे, म्हणून मी रोमन बाजूबद्दल लिहितो. मी लंडनजवळ राहतो आणि गेली बारा वर्षे मुख्यत्वे रोमन प्रजासत्ताकाचे दिनार, म्हणजे चांदीची नाणी, जमवतो.

वाद्य आणि रोमन नाणी म्हटले की प्रत्येकजण क्विंटस पॉम्पोनियस मूसा याचे नाव घेतो. टंकसाळीचा अधिकारी असलेल्या या गृहस्थाने स्वतःच्या आडनावावर श्लेष करून नऊ म्यूझ, म्हणजे कलांच्या नऊ देवता, आणि त्यांचा नायक लायर वाजवणारा हर्क्युलीस, अशी दहा चित्रे दिनारांवर काढली. नाणेतज्ज्ञ क्रॉफर्डने त्यांचा काळ इ.स.पू. ६६ धरला होता. इटलीतल्या मेसान्ये इथे सापडलेल्या नाण्यांच्या साठ्याच्या अभ्यासानंतर तो दहा वर्षे पुढे, ५६ पर्यंत, आणला गेला. दहांपैकी फक्त हर्क्युलीसचे नाव नाण्यावर लिहिलेले आहे, बाकीच्या देवता हातातल्या वस्तूंवरून ओळखायच्या. कॅलिओपी स्तंभावर टेकवलेली लायर वाजवते, टर्प्सिकोरी लायर आणि नखी घेऊन उभी आहे, युटर्पीच्या हाती जोडनळ्या आहेत. सगळा संच पुरा करण्याच्या नादी मात्र कृपया लागू नये. एराटो इतकी दुर्मीळ आहे की तिच्यापायी उरलेल्या संग्रहाचे पैसे खर्ची पडतील, आणि आपल्याला हव्या त्या वाद्यांच्या दृष्टीने ती काही नवे दाखवतही नाही. तिवईवरच्या खगोलाच्या गोलाकडे काठी रोखलेली युरेनिया आणि गुंडाळी घेतलेली क्लिओ ही सुरेख नाणी आहेत, पण त्यांच्यावर वाद्य नाही.

माझा सल्ला असा की देव बाजूला ठेवून वाद्यानुसार जमवण्याचा आपला विचार आहे तो तसाच धरून ठेवावा, कारण त्यामुळे अनपेक्षित नाणी हाती येतात. गॉल लोकांचा ‘कार्निक्स’ घ्या. उभा धरून वाजवायचा, रानडुकराच्या तोंडाचा हा रणशिंगाचा प्रकार आपल्या तुतारीचा दूरचा भाऊ शोभेल. रोमनांनी तो स्वतः वाजवला नाही. शत्रूकडून जिंकलेल्या शस्त्रांच्या ढिगात तो दाखवला. इ.स.पू. ११९ मधल्या मार्कस फ्युरियस फिलसच्या दिनारावर विजयस्तंभाच्या दोन्ही बाजूंना कार्निक्स आहेत. इ.स.पू. ४८ मध्ये होस्टिलियस सॅसर्नाने काढलेल्या दिनारावर मोकळ्या केसांच्या गॉल स्त्रीच्या मस्तकामागे कार्निक्स आहे, आणि सीझरच्या दिनारांवरही तो दिसतो. २००४ मध्ये फ्रान्समधल्या तँतिन्याक इथे एका खड्ड्यात सात कार्निक्स सापडले, तेव्हा नाण्यांवरची डुकराची तोंडे ही कोरणाऱ्याची कल्पना नव्हती हे हातात धरून पाहता आले. फिलसचे नाणे साधारण स्थितीत घेतले तर परवडते.

त्यानंतर इजिप्तच्या इसिस देवतेचे सिस्ट्रम. धातूच्या कमानीत आडव्या सळ्या बसवलेले हे खुळखुळ्यासारखे वाद्य सम्राट हेड्रियनच्या ‘इजिप्त’ दिनारावर आहे: इजिप्तची मूर्ती रेलून बसली आहे, हातात सिस्ट्रम आहे आणि समोर आयबिस पक्षी उभा आहे. सिबिली देवीच्या हातातला डफ सम्राज्ञींच्या नाण्यांवर मिळतो, तिथे सिंहही शेजारी असल्याने ओळखायला चूक होत नाही.

सम्राट नीरोचे तांब्याचे नाणे ‘अॅस’ मला सर्वांत प्रिय आहे. पायघोळ झग्यात चालत चालत किथारा वाजवणारी आकृती त्यावर आहे. ती अपोलोची की अपोलोच्या वेषातल्या नीरोची, यावर विद्वानांचे वाद आहेत. परंतु नीरोने किथारावादकाच्या वेषातले स्वतःचे पुतळे उभारले आणि त्याच चित्राचे नाणेही पाडले, असे रोमन चरित्रकार सुएटोनियसने स्पष्ट लिहिले आहे. रोम जळत असताना नीरो फिडल वाजवत होता असे आपण सहज म्हणतो. फिडल तेव्हा जन्मालाही आले नव्हते. त्याचे वाद्य हे होते, आणि बादशहाचा हा छंद भाजी घ्यायला निघालेल्या माणसाच्या मुठीतही पोहोचला होता.

अगदी कमी पैशांत काही हवे असेल तर इ.स. २६८ ते २७० मधल्या सम्राट दुसऱ्या क्लॉडियसची अपोलोची नाणी पाहावीत. लायर ओबडधोबड असते, चांदी नावापुरती असते, पण नाणे खरे असते.

ओलावा

वरच्या दोन्ही प्रतिसादांत फसवणुकीचा प्रश्न राहून गेला आहे, आणि मला त्यातला अनुभव नको तितका आहे.

वजन करण्याची आपली सवय योग्य आहे. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर दोन साच्यांच्या सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याची खूण असते. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोके असतात. आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. आजच्या ठशाने ठोकलेली नकल ओळखणे याहून अवघड आहे, तिथे दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर अगदी एकच ओरखडा आणि एकच झीज दिसणे हा मोठा पुरावा ठरतो. रोमन दिनारांमध्ये मुलाम्याची नाणी हा आणखी एक प्रकार आहे: आत तांबे, वर चांदीचा पत्रा, आणि हा ठकबाजीचा उद्योग प्राचीन काळातलाच. अशी नाणी वजनाला कमी भरतात आणि झिजलेल्या कडेला तांबूस दिसतात. तशी नाणी जमवणारेही आहेत, फक्त विकणाऱ्याने तसे सांगून विकले पाहिजे.

माझी स्वतःची चूक सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी एक कांस्याचे नाणे घेतले होते. त्यावर काळपट हिरवा थर होता आणि त्याखाली लायर असल्याचे विक्रेत्याने लिहिले होते. मी देवघरातली समई घासावी तसे ते चिंचेने घासले. दहा मिनिटांत नाणे पितळी चमकू लागले आणि त्याबरोबर लायरही गेली, कारण दोन हजार वर्षांत तपशील त्या थरातच शिल्लक राहिला होता. चांदीचे नाणेही घासू नये. काळे पडले तर पडू द्यावे.

मिरजेपेक्षा आमच्या कोकणात हा धोका मोठा, पण पावसाळा आपल्याकडेही आहेच. कांस्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी धरू लागली तर तो साधा गंज नसून क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जात आहे असे समजावे. असे नाणे इतरांपासून वेगळे काढून कोरड्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावे. मऊ प्लॅस्टिकची स्वस्त पाकिटे तर मुळीच वापरू नयेत, त्यातल्या पीव्हीसीमुळे कालांतराने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो.

एक गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यात शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेषच आहे आणि व्याख्येत ते कोणत्या देशाचे आहे असा भेद नाही. त्यामुळे बाहेरून भारतात आणलेले प्राचीन नाणे उद्या नको झाले म्हणून परत परदेशी लिलावात पाठवता येणार नाही. लेकीला महागडी नाणी आणायला सांगण्यापूर्वी ती तिच्याकडेच ठेवावीत का, याचा विचार करावा. आणि प्रत्येक नाण्याची पावती, जुन्या संग्रहाची चिठ्ठी, लिलावाचा क्रमांक सांभाळावा. लिशियासारखी बरीच नाणी तुर्कस्तानच्या मातीतली आहेत, तिथून पुरावस्तू बाहेर नेण्यास बंदी आहे, म्हणून जुन्या मालकीचा कागद असलेले नाणे थोडे महाग पडले तरी घ्यावे.

जवारी

आपण तिघांनी इतके लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. स्वरमंडळाची उपमा वाचल्यावर मी नाणे पुन्हा भिंगाखाली धरले. पेटीच्या वरच्या भागात, तारा जिथे संपतात असे मला वाटत होते तिथे, एक बारीक आडवी रेघ आहे आणि तारा तिच्या खालीही थोड्या उतरतात. पहिल्यांदा मी तो ओरखडा समजलो होतो. ती घोडी आहे! तारा घोडीवरून जाऊन खाली लंगोटाला, म्हणजे तळाशी तारा बांधायच्या पट्टीला, अडकतात, ही रचना आम्ही रोज करतो. ठसा कोरणाऱ्याने हे वाद्य जवळून पाहिले होते, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

एक शंका मात्र आहे. युटर्पीच्या हातातल्या जोडनळ्यांना इंग्रजी माहितीत ‘फ्लूट’ म्हटलेले लेक वाचून दाखवते. चित्रात वादक दोन्ही नळ्या तोंडात घेऊन समोर धरतो. बासरी अशी वाजत नाही. हे सनईच्या जातीचे वाद्य असावे का?

आणि समुद्रगुप्ताच्या वीणावादक नाण्याची बरोबरी यांच्याशी करता येईल का, हेही सांगावे.

टंकसाळ

आपली शंका बरोबर आहे. ग्रीक ‘औलोस’ आणि रोमन ‘टिबिया’ ही पत्तीची वाद्ये आहेत, दोन नळ्या एकाच वेळी वाजणारी. बासरी हे भाषांतर जुन्या सवयीने चालत आले आहे. गाल फुगून फाटू नयेत म्हणून वादक तोंडाभोवती चामड्याचा पट्टा बांधत. आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रिजिया प्रदेशातील अपामिया नगराच्या कांस्यनाण्यांवर मार्सियास जोडनळ्या वाजवत चालला आहे आणि त्याच्या पायाखाली मियांडर नदीची नागमोडी नक्षी आहे. अपोलोशी पैज लावून हरलेला आणि त्यापायी सोलून काढलेला हा मार्सियास; त्याच्याच नावाची नदी त्या नगरातून वाहून मियांडरला मिळत असे. आपल्या संग्रहात किथारेच्या शेजारी हे नाणे असावेच, कारण पैजेतली दोन्ही वाद्ये समोरासमोर येतील, आणि ते फारसे महाग नसते. सम्राट डोमिशियनने इ.स. ८८ च्या शतकोत्सवानिमित्त काढलेल्या नाण्यांवर तर यज्ञवेदीपाशी जोडनळ्यावाला आणि लायरवाला हे दोघेही सोबतीने वाजवताना दिसतात. प्रार्थना चालू असताना दुसरा कोणताही अशुभ आवाज कानी पडू नये म्हणून नळ्या वाजवत, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो.

समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची वीणा आजच्या वीणेसारखी नसून धनुष्याच्या आकाराची आहे, म्हणजे तिथेही प्रत्येक तारेचा एकच स्वर. तेवढ्यापुरते साम्य आहे. फरक असा की तिथे राजा स्वतः मंचकावर बसून वाजवतो आणि नाव स्वतःचे लिहितो. त्याचा दरबारी कवी हरिषेण याच्या प्रयाग प्रशस्तीत त्याने तुंबरू आणि नारदाला लाजवले असे म्हटले आहे, त्याला हे चित्र जुळते. सोन्याचे ते नाणे विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये, नकलांचा सुळसुळाट आहे. नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेच्या संग्रहालयात एकदा जाऊन यावे, मिरजेहून प्रवास लांबचा असला तरी भिंग घेऊन जाणाऱ्या माणसाला तो फळतो.

दूरदेशी

काका, आपण घोडी ओळखलीत म्हणून एक सांगतो, जे मी आधी लिहायला हवे होते. मूसाच्या दिनारांवर पुढच्या बाजूला अपोलोच्या मस्तकामागे एक लहान चिन्ह असते आणि ते मागच्या देवतेला जुळणारे असते: युटर्पीच्या नाण्यावर एकमेकांवर ठेवलेल्या दोन नळ्या, युरेनियाच्या नाण्यावर चांदणी. कॅलिओपीच्या नाण्यावर लायरीच्या तारा लावण्याची किल्ली आहे. बहुतेक संग्राहक तिच्याकडे बघतही नाहीत, आणि नाण्याचा पत्रा लहान पडला तर ती कडेबाहेर जाते.

जवारी

किल्ली! मग वर्षाचे नाणे ठरले. लेकीला आजच कळवतो की कॅलिओपी झिजलेली चालेल, अपोलोचे नाक गेलेले चालेल, लायरीच्या तारा पुसलेल्याही चालतील. पण मस्तकामागची किल्ली पुरती दिसली पाहिजे, आणि ओलावा यांनी सांगितल्याप्रमाणे पावती तिच्याकडेच राहू दे. नाणेही.

फोटो मात्र मोठा पाठव म्हणतो.